गिरणीचा दिवा

हिंजवडीजवळच्या नेऱ्यात भाड्याने खोल्या घेताना मालकीणबाईंनी आम्हाला एकच अट घातली होती. "दळन माज्याच गिरनीतून न्यायचं. पाकिटातलं पीठ घरात दिसलं तर चालनार न्हाई." मी हसले. त्या हसल्या नाहीत, म्हणून मग मीही थांबले.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली आणि आम्ही अकोल्याहून दोन बॅगा, गॅसची शेगडी आणि माझी सोल्डरिंगची पेटी घेऊन इकडे आलो. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. पिरंगुटच्या एका लहान कारखान्यात मला यंत्रांची कंट्रोल पॅनेलं जोडायचं आणि तपासायचं काम मिळालं. कंपनीची गाडी सकाळी माण, घोटवडे करत न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. कारखान्याला सुट्टी गुरुवारची, नवऱ्याला शनिवार-रविवारची. त्यामुळे गुरुवारी मी घरी एकटी असे. नेऱ्याची आठवण निघाली की मला ते गुरुवारच आठवतात.

मालकीणबाईंना मी मावशी म्हणू लागले आणि त्यांच्या यजमानांना बाबा. ते दोघं खाली राहायचे, आम्ही वर. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांबच्या गावी गेल्या होत्या. गिरणी बाबांची. उभं आयुष्य त्यांनी ती चालवली होती, घराला लागूनच असलेल्या पडवीत. आम्ही यायच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला, जीभ जड झाली. त्यातून खोकला. डॉक्टरांनी सांगितलं, पिठाची धूळ नाकात जाता कामा नये. पडवी आणि बाबांची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. मग मावशींनी गिरणी उचलली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड मारून तिथे नेली. तोवर त्यांनी स्टार्टरच्या बटणाला कधी हात लावला नव्हता. पट्टा कसा चढवायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी कशी द्यायची, सगळं त्या महिन्याभरात शिकल्या.

धुळीचा प्रश्न मिटला, पण बाबांच्या खोलीत दुसरीच शांतता आली. इतकी वर्षं भिंतीपलीकडे घरघर चालायची, ती गेली. शेताच्या पलीकडून आवाज यायचा तो कंपन्यांच्या बसचा आणि खडीच्या ट्रकचा. त्या गोंधळात गिरणी ऐकू येत नसे. मी जिना उतरले की बाबा डाव्या हाताने काठी जमिनीवर आपटायचे. मी दारात डोकावले की विचारायचे, "गिर... नी?"

"चालू आहे, बाबा," मी म्हणायची. खरं तर मला तरी कुठे माहीत असायचं! मग मी गच्चीवर जाऊन बघायला लागले. शेडबाहेर डबे घेतलेल्या बाया दिसल्या तर चालू. अर्ध्या तासाने पुन्हा काठी. पुन्हा "गिर... नी?"

मावशींचे तर हालच होते. बाबांना पाणी द्यायला, कुशीवर वळवायला त्या सारख्या बांधावरून पळत यायच्या, तिकडे बाया ताटकळायच्या. संध्याकाळी त्या दमून भिंतीला टेकायच्या आणि बाबा छताकडे बघत पडलेले असायचे. दोघांत बोलणं उरलं नव्हतं. मावशी एकदा मला म्हणाल्या, "काय बोलू त्यांच्यासंगं? पीठ सोडून आमी दुसरं कदी काय बोललोच न्हाई बग. आता पीठ तितं अन् त्ये हितं."

त्याच सुमारास कारखान्यात आमच्याकडे एक काम आलं होतं. लाकूडकामाच्या एका वर्कशॉपसाठी अशी सोय करायची होती की करवत सुरू झाली की भुसा ओढणारा पंखा लांबूनच आपोआप सुरू व्हावा. करवतीच्या तारेभोवती एक कडं. तारेतून वीज वाहू लागली की कड्याला ते कळतं, त्याला जोडलेला लहानसा ट्रान्समीटर बिनतारी इशारा सोडतो, आणि पंख्याजवळचा रिसीव्हर तो पकडून बटण दाबतो. मी ते तपासत होते आणि डोक्यात बाबांची काठी वाजत होती. पंख्याऐवजी दिवा लावला तर?

पुढच्या रविवारी रजा टाकून, नवऱ्याला घेऊन मी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी, रिले, पॅनेलवर लावतात तसला लाल दिवा आणि प्लास्टिकचे दोन डबे घेतले. कड्यासाठी जुन्या स्टॅबिलायझरमधला लोखंडाचा गोल गाभा मिळाला. त्यावर तांब्याची बारीक तार हातानेच गुंडाळायची होती. नवरा रीळ धरून समोर बसला. तार तुटली की तो म्हणायचा, "परत पहिल्यापासून का?" आणि मी म्हणायची, "परत पहिल्यापासून."

सगळं जोडून झाल्यावर चाचणीला घरातली इस्त्री घेतली. तिची वायर कड्यातून ओवली, इस्त्री लावली. ती तापली, दिवा मात्र ढिम्म. मी जोडण्या पुन्हा तपासल्या. काही नाही. नवऱ्याने तेवढ्यात त्याचे दोन शर्ट इस्त्री करून घेतले. "एवढा उपयोग झाला बघ," म्हणाला. मी रागाने चहा करायला उठले आणि आधण ठेवताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वायरीच्या आत दोन तारा असतात, एकीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही एकत्र ओवल्या तर एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकते. कड्यातून एकच तार जायला हवी. परीक्षेत मी याचं उत्तर लिहिलं होतं! गॅस तसाच ठेवून मी आले, एक्स्टेन्शन बोर्डाची वायर सोलून एकच तार ओवली. इस्त्री लावली आणि पलीकडच्या खोलीतून नवरा ओरडला, "लागला! लागला!" आधण उतू गेलं ते नंतर बघितलं.

गुरुवारी मी मावशींकडे शेडमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्टार्टरसमोर आडव्याच उभ्या राहिल्या.

"तारंला हात लावायचा न्हाई. मोटार जळली म्हंजी?"

"तार कापायची नाही, मावशी. तिच्याभोवती बांगडी घालायची नुसती."

"बांगडी?" त्यांनी ते कडं हातात घेऊन फिरवून पाहिलं. स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं. "लई जड हाय की. आन् त्यानं काय व्हनार?"

"तुम्ही गिरणी चालू केली की बाबांच्या खोलीत दिवा लागेल. बंद केली की विझेल."

मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. पण त्या म्हणाल्या, "म्हंजी मी कवा बसले, कवा उटले, सगळं त्यांना तितं दिसनार म्हना." पण मग त्यांनीच मेन स्विच खाली ओढला. "घाल. त्येवढंच त्यांच्या जिवाला बरं."

मोटारीच्या तीन तारांपैकी एकीचं टोक सैल करून मी बांगडी सरकवली आणि पुन्हा आवळलं. ट्रान्समीटरचा डबा भिंतीला लावला. बाबांच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, त्यांची नजर सहज पडेल अशा जागी दिवा लावला. मग मावशींनी बटण दाबलं, मी बांधावरून धावत खोलीत आले, आणि दिवा काही लागलेला नव्हता. शेड सगळी पत्र्याची, इशारा आतच कोंडत होता. अँटेनाची तार पत्र्याच्या फटीतून बाहेर काढून बांबूला बांधली, तेव्हा कुठे तो लाल ठिपका उजळला.

बाबा बघत राहिले. मग त्यांनी मला मान हलवून जवळ बोलावलं. "जवारी... का... गहू?"

"ते नाही कळत, बाबा. फक्त चालू का बंद एवढंच."

"हां," ते म्हणाले. जरा हिरमुसल्यासारखे वाटले. भिंतीपलीकडून त्यांना धान्य ऐकू यायचं. मी त्यांना नुसता दिवा दिला होता.

पहिले काही दिवस भांडणाचेच गेले. बाबा दिवसभर दिव्याकडे बघायचे आणि मावशी आल्या की हिशेब मागितल्यासारखं विचारायचे, "दुपारी... मधी... इजला?" मावशी उसळायच्या. "बाई मानूस हाय मी, मशीन न्हाई! घटकाभर टेकू नगं?" एका गुरुवारी मी खाली गेले तर दिव्यावर टॉवेल टाकलेला. बाबा काठीने तो पाडायचा प्रयत्न करत होते आणि काठी पुरत नव्हती. मी टॉवेल काढला नाही. त्यांच्या भांडणात पडायला माझा धीर झाला नाही. संध्याकाळी मावशींनीच तो काढला आणि घडी घालून ठेवला.

आणि मग ती भुताची गंमत झाली. मावशी शेड बंद करून जेवायला आल्या होत्या. बाबांना भात भरवत असताना समोरचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. मावशींचा घास हातातच राहिला. बाबांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तू... हितं," ते म्हणाले. "मंग... तितं... कोन?"

मावशी उखळाशेजारचं मुसळ उचलून बांधावरून पळत सुटल्या. शेडला कुलूप जसंच्या तसं होतं. आत मोटार गार. परत आल्या तर दिवा बंद. तोवर बाबांनी डाव्या हाताने ताटातला भात पलंगभर सांडून स्वतःच जेवण आटोपलं होतं. मी घरी आल्याबरोबर मावशींनी मला जिन्यातच गाठलं. "तुजा दिवा झपाटलाय. काडून न्हे."

शोध लागायला दोन गुरुवार गेले. रस्त्यापलीकडे नवी इमारत उभी राहिली होती आणि तिथल्या एका घरात बिनतारी डोअरबेल बसवली होती. तिचा इशारा आणि माझ्या ट्रान्समीटरचा इशारा एकाच जातीचा. तिकडे दूधवाल्याने बेल दाबली की इकडे बाबांची गिरणी चालू! मी दोन्ही डब्यांत सांकेतिक आकडा ओळखणारी चिप टाकली, म्हणजे रिसीव्हरने फक्त आपल्याच ट्रान्समीटरचं ऐकायचं. मावशींना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी आता त्यो परक्या बाईच्या हाकंला ओ देनार न्हाई." बाबा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तोंड एकाच बाजूने हसायचं, पण आवाज पुरा होता.

त्या भुतानंतर दोघांचं बोलणं बदललं. कसं ते नेमकं सांगता येणार नाही. बाबा आता विचारायचे, "सकाळी... लई वेळ... जळला?" आणि मावशी पदराने तोंड पुसत सांगायच्या, "भाजनी व्हती. दिवाळी जवळ आली न्हवं." किंवा, "मधी इजला त्यो पट्टा सटकला म्हनून." बाबा मग पट्टा का सटकतो ते एकेक शब्द ओढून सांगायचे. हळूहळू दिवा किती वेळ जळतो त्यावरून ते धान्यही ओळखू लागले. दहा वेळा चुकायचे, अकराव्यांदा बरोबर यायचं. वरच्या खोलीत मला त्यांचं ते थांबत थांबत चाललेलं बोलणं ऐकू यायचं आणि आम्ही दोघंही टीव्हीचा आवाज कमी करायचो.

दुसऱ्या वर्षी, लग्नसराईतला एक गुरुवार. मी मागच्या बाजूला नळाखाली चादरी धूत होते. नळ जोरात सोडलेला. आटोपून पुढे आले आणि सवयीने बाबांच्या खोलीत डोकावले. पलंग रिकामा. दिवा जळत होता. काठी जागेवर नव्हती.

मी चादरी तिथेच टाकून धावले. बाबा बांधावर होते. घर बरंच मागे पडलं होतं. एका हाताने काठी रोवायची, मग उजवा पाय ओढून घ्यायचा, मग थांबायचं. त्याआधी ते खोलीच्या उंबऱ्यापलीकडे कुणाच्या आधाराशिवाय गेल्याचं मला माहीत नव्हतं. धोतर चिखलाने भरलेलं, बहुतेक एकदा पडलेही असावेत. मी हात धरायला गेले तर त्यांनी झिडकारला.

"दिवा... इजना," ते म्हणाले. "जेवाय... आली न्हाई. पुडं... जा. बग!"

तेव्हा मला कळलं. जेवणाची वेळ होऊन गेली होती. त्या वेळी दिवा रोज विझायचा आणि मावशी यायच्या. आज दिवा जळतच राहिला होता. चालू पट्टा, फिरणारं चाक, आणि मावशींचा वाऱ्यावर उडणारा पदर. हे सगळं त्यांनी पडल्या पडल्या डोळ्यांसमोर पाहिलं असणार. त्यांना तसं सोडून पुढे जावं की नाही ते मला ठरवता येईना. "जा!" ते ओरडले. हा शब्द मात्र अजिबात न अडखळता आला.

मी शेडमध्ये पोचले. मावशी डोक्याला टॉवेल बांधून, भुवयांपर्यंत पांढऱ्याफेक, पिठाची गोणी ओढत होत्या.

"काय गं? का पळत आलीस?"

"तुम्ही जेवायला का आला नाहीत?"

"लग्नाचं दळन हाय. लाईट जायच्या आत उरकाय नगं?"

"बाबा येताहेत."

"कुटं?"

"इकडे. चालत."

मावशींनी गोणी सोडली आणि त्या अनवाणीच बाहेर पळाल्या. मी मागे. बाबा शेताच्या कडेला, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर काठीवर रेलून उभे होते. मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एकदम चिडून बोलू लागल्या. "मरायचं हाय व्हय? ट्रक दिसत न्हाईत का? पडला असता तर कुनी उचललं असतं? आँ?"

बाबांनी त्यांना आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. दोन्ही हात पाहिले. मग म्हणाले, "जेवाय... आली न्हाईस तू."

पदर मावशींनी कमरेला घट्ट खोचलेला होता, तोच ओढून काढून त्या बाबांच्या तोंडावरचा घाम पुसू लागल्या. घाम जाऊन पीठच लागत होतं. मी दुसरीकडे बघू लागले. तेवढ्यात बाबांनी मान ताठ केली. कान टवकारला.

"दगड... रिकामा!" ते ओरडले. "दाना न्हाई... दगडावर दगड... अगं पळ!"

खरंच, शेडमधून कर्कश घासल्याचा आवाज येत होता. धान्य संपलं होतं आणि गिरणी तशीच फिरत होती. मावशी पुन्हा पळाल्या. मी बाबांना हळूहळू शेडच्या दारापर्यंत आणलं. आत जाऊ दिलं नाही, दाराशी वाऱ्याच्या बाजूला एका गोणीवर बसवलं. त्यांनी डाव्या हाताची बोटं पिठात घातली, अंगठ्याने चोळून पाहिलं.

"जाड," ते म्हणाले.

"तुमी या मंग उद्यापास्नं, करा बारीक," मावशी आतून म्हणाल्या.

आणि ते जाऊ लागले. डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग नाकाला फडकं बांधून दाराबाहेर बसायला हरकत नाही म्हणाले. सकाळी मावशी त्यांना धरून न्यायच्या, नंतर नंतर ते काठीवर एकटेच मागून यायचे. गिऱ्हाइकांना दारातच अडवून ते डब्यात हात घालून धान्य बघायचे. "ओलं हाय. वाळवून... आन." बाया कुरकुरायच्या, पण परत वाळवून आणायच्या. मी माझं दळण घेऊन गेले की मला विशेष सवलत होती: ज्वारीवर माझा गहू कधी पडू द्यायचे नाहीत. खोलीतला दिवा या काळात रिकाम्या पलंगासमोर जळत असायचा. मी दोनदा म्हटलं, काढून ठेवते. दोघंही नको म्हणाले.

बाबा त्यानंतर तीन दिवाळ्या पाहून गेले. आजार असा काही झाला नाही. सकाळी गिरणीवर जायला उठले नाहीत, एवढंच. त्या दिवसांत मी माझ्या बाळंतपणासाठी अकोल्याला होते. फोनवर मावशी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुजी पोरगी कुनासारकी हाय?" आणि मी तिकडे हुंदके देऊ लागले तेव्हा मलाच समजावत राहिल्या.

पुढे आम्ही बावधनला स्वतःचा फ्लॅट घेतला. नेऱ्याला जाणं महिन्यावरून सणावारावर आलं. शेडसमोरचा रस्ता रुंद व्हायचं ठरलं, मावशींचे गुडघे दुखू लागले, आणि एक दिवस त्यांचा फोन आला. "कासारसाईच्या मानसानं गिरनी घेतलीया. तुजी बांगडी काडून न्हे, न्हाईतर त्यो मोटारीसंगं घिऊन जाईल."

मी पोरीला काखोटीला मारून गेले. मेन स्विच मावशींनीच खाली ओढला. तारेचं टोक सोडवून कडं काढलं, भिंतीवरचा डबा उतरवला. उघडून पाहिला तर आत पिठाचा नुसता थर, सर्किट दिसतच नव्हतं. तशाही अवस्थेत आदल्या दिवसापर्यंत तो इशारे देत होता. मी फुंकर मारली, पोरीच्या नाकात पीठ गेलं आणि ती शिंकली. मावशी खळखळून हसल्या.

टेम्पोवाला आणि नवा मालक दगड चढवत होते. मावशी त्यांच्या मागेमागे फिरत होत्या. "आडवा ठिऊ नगं, उभा ठिव. पयला घाना तांदळाचा काड, त्यानं दगड साफ हुतो. आन् टाकी कवा दिली ती मी सांगते, ध्यानात ठिव." नवा मालक व्हय व्हय म्हणत राहिला. टेम्पो सुरू झाला तरी त्या खिडकीला धरून सांगतच होत्या, आणि तो वळणावर दिसेनासा झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पट्ट्याचं सांगायचं ऱ्हायलंच की गं!"

मग त्यांनी पोरीला माझ्याकडून घेतलं. आम्ही बांधावरून घराकडे चालू लागलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आला होता. पोरगी मावशींच्या बांगड्या ओढत होती आणि मावशी तिला सांगत होत्या, हितं बेडकं हायेत, तितं खेकडी हाय, आन् आता घरी गेल्यावर आपुन भाकरी खायाची.